आईचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं. आता हाडांची तपासणी कुठली आणि कशी करायची?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला असते, माहेर गुहागर तालुक्यात. आई ६७ वर्षांची आहे. श्रावणात घरामागच्या शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) तिचा पाय सरकला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. उंचावरून वगैरे पडली नाही, उभ्याउभ्या पडली. प्लास्टर घातलं, काढलं, हाड जागेवर बसलंय. बोटं अजून सकाळी आखडतात, त्याचा व्यायाम चालू आहे. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विषय तिथेच संपला.

मध्यंतरी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायला लावून हाडांची घनता मोजली आणि कागदावर 'उणे २.९' लिहून दिलं. वर पावडरचा एक डबा गळ्यात मारला. तेव्हापासून आई इतकी धास्तावली आहे की विहिरीवर जात नाही, फुलं काढायला वाकत नाही, दिवसभर पडवीत बसून असते. तिच्या आईचा खुबा मोडला होता, आणि त्यानंतर आजी अंथरुणातून उठलीच नाही. तेच तिच्या डोळ्यांसमोर आहे.

टाचेच्या त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का? खरी तपासणी कोणती? आणि माझी स्वतःची पाळी ४४व्या वर्षी गेली, आता ४९ चालू आहे. मीही करून घ्यावी का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

तिरफळ

ताई, माझ्या आवशीचा अगदी असाच झाला. गेल्या पावसात खळ्यात घसारली, मनगाट मोडला. प्लास्टर घातल्यानी, काढल्यानी, बरा झाला म्हणान घराक धाडल्यानी. हाडांची तपासणी करा म्हणान कोणी सांगूक नाय. मगे शिमग्याक कळशी उचलताना पाठीत कळ इली ती जाईच ना. एक्सरे काढलो तर मणको चेपलेलो. तेवा सगळा कळला. म्हणान सांगतंय, मनगाटार थांबू नका. आवशीक घेवन जावा आणि पुरी तपासणी करून घेवा.

जांभा

मी हाडांचा डॉक्टर, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो. तिरफळ यांनी लिहिलंय ते घरोघरी वाचलं जावं.

पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर दोष एकट्या शेवाळाला देऊन चालत नाही. धड हाड एवढ्याने मोडत नाही. मनगट बहुधा आधी मोडतं, कारण पडताना माणूस हात पुढे करतो. पुढे वय वाढलं, हात पुढे करण्याची चपळाई गेली, की तीच बाई कुशीवर पडते आणि खुबा मोडतो. या दोन फ्रॅक्चरच्या मधली वर्षं उपचाराची असतात. आमच्या पेशात हाड जुळलं की पेशंटला सुट्टी देतात आणि ती वर्षं फुकट जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आता टाचेचं यंत्र. ते ध्वनिलहरींवर चालतं. कोणाला पुढे तपासायला पाठवावं याची ढोबळ चाळणी म्हणून त्याचा उपयोग होतो, निदान त्यावर होत नाही. उणे २.५ ची जी रेघ सगळे सांगतात ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली, आणि ती लागू होते डेक्सा तपासणीला. डेक्सा म्हणजे दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजणं. टाचेच्या आकड्याला ती रेघ लावता येत नाही. त्यामुळे त्या कागदाने आईंनी घाबरू नये, आणि असाच कागद कोणाचा 'नॉर्मल' आला असेल तर त्याने निर्धास्तही होऊ नये.

डेक्साच्या रिपोर्टात टी-स्कोअर असतो. निरोगी तरुण माणसाच्या सरासरीपेक्षा तुमचं हाड किती खाली आहे, ते तो सांगतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मधलं म्हणजे घनता कमी, त्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. शेजारी झेड-स्कोअर छापलेला असतो, त्यात तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना असते. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी तो बघतात.

आईंची डेक्सा नक्की करा. तुमचीही करा. पंचेचाळिशीच्या आत पाळी जाणं हे स्वतंत्र कारण पुरेसं आहे. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात वेगाने उतरतं, आणि तुम्ही नेमक्या त्याच वर्षांत आहात. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेल्या बायकांना हेच लागू. आपल्याकडे पिशवी काढून टाकण्याचं ऑपरेशन चाळिशीतच झालेल्या बायका गावोगाव आहेत आणि त्यांना हाडांबद्दल कोणी काही सांगत नाही.

रातांबा

मी निवृत्त शिक्षिका, रत्नागिरीजवळ राहते. डेक्सा कोल्हापूरला जाऊन केली. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा की मशीन कमरेचं आणि खुब्याचं मोजतं ना. 'बोन डेन्सिटी होते' एवढ्या उत्तरावर गाडी काढू नका, तिथेही टाचेचंच यंत्र असू शकतं.

आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवायला सांगितली होती. बाकी खाणंपिणं नेहमीचं, उपाशी जायचं नसतं. बेरियम पाजून किंवा शिरेतून औषध देऊन काढलेला फोटो नुकताच झाला असेल तर तपासणी पुढे ढकलतात. हुक, चेन, धातूची बटणं असलेले कपडे नकोत, मंगळसूत्र काढून ठेवावं लागतं.

बोगद्यात वगैरे जावं लागत नाही. मला बंद जागेची भीती वाटते म्हणून मुद्दाम लिहिते. उघड्या टेबलावर उताणं झोपवतात. पायांखाली स्पंजचा मोठा चौकोनी ठोकळा देतात म्हणजे गुडघे वर येतात आणि कंबर गादीला सपाट टेकते. त्यात मणक्यांचं मोजमाप होतं. मग ठोकळा काढून पाऊल आतल्या बाजूला वळवतात आणि एका त्रिकोणी आधाराला पट्ट्याने बांधतात, तो खुब्यासाठी. वरून यंत्राचा हात सावकाश सरकत जातो. सुई नाही, दुखणं नाही. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्सरेपेक्षाही कमी असते, असं तिथल्या तंत्रज्ञ मुलीने समजावलं.

खरी माहिती मला मिळाली ती उंचीच्या पट्टीवर. माझ्या सेवापुस्तकात नोकरीला लागतानाची उंची लिहिलेली आहे. त्या दिवशी मोजली तर दोन इंच कमी भरली. डॉक्टरांनी ताबडतोब पाठीचा एक्सरे काढायला सांगितला, त्यात एक मणका पाचरीसारखा चेपलेला निघाला. तो कधी चेपला ते मला ठाऊक नाही, पाठ तशी कधी फार दुखलीच नव्हती. ज्यांच्या घरी जुनं सेवापुस्तक किंवा पासपोर्टची नोंद आहे त्यांनी आईवडिलांची उंची आजच भिंतीला टेकवून मोजा.

जांभा

रातांबाताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. चेपलेल्या मणक्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश असेच, कोणाच्या लक्षात न येता राहून जातात. तरुणपणापेक्षा उंची दीड इंचाहून अधिक घटली असेल तर एक्सरे काढावा. आणि साध्या पडण्याने खुबा मोडला किंवा मणका आपोआप चेपला, तर टी-स्कोअर कितीही असो, ते ऑस्टिओपोरोसिसच धरून उपचार करतात.

गुडघेदुखीचे पेशंट मला रोज विचारतात, 'डॉक्टर, हाडं ठिसूळ झालीत ना?' गुडघ्याची कुर्चा झिजणं हा वेगळा आजार आहे. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. गुडघ्यासाठी कॅल्शियम खाल्लं म्हणून हाडांचा बंदोबस्त झाला असं कोणी धरून चालू नये.

डोलकाठी

मी हर्णैची. आमच्याकडे जवळा, मांदेली, सुके बोंबील रोजच्या जेवणात असतात. दूध चहापुरतंच. आमच्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन आयुष्यभर चालल्या, उन्हात बसून मासळी सुकवली. अशांना गोळ्या लागतात का? माझ्या आत्याची पाठ तरीही वाकली, म्हणून विचारते.

नाचणी

मी आहारतज्ज्ञ आहे, माहेर दापोलीचं. ताई, तुमच्या प्रश्नात बरंच उत्तर आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, पाळी गेलेल्या बाईला १२००. माशाचं कॅल्शियम काट्यात असतं. सुरमईची तुकडी खाऊन काटा ताटात राहिला तर ते तिथेच राहिलं. मांदेली कुरकुरीत तळून अख्खी खाल्ली, जवळ्याची चटणी केली, की ते पोटात जातं. बांगडा आणि तारली यांच्या चरबीत व्हिटॅमिन डी असतं, जे शाकाहारी ताटात फारसं नसतंच. मात्र सुक्या मासळीत मीठ पुष्कळ असतं आणि जास्त मिठाने लघवीवाटे कॅल्शियम वाया जातं. म्हणून ती दोन पाण्यांत धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर बेतानेच खा.

नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका भाकरीला चाळीस-पन्नास ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे हिशेब कळला. आंबील केली किंवा नाचणी मोड आणून दळली तर त्यातलं अधिक अंगी लागतं. शेवग्याचा पाला आपल्या परसात फुकट आहे, तीळ आहेत. प्रथिनांकडे कोणी बघत नाही. म्हातारी माणसं दात गेले की पेज आणि लोणच्यावर दिवस काढतात. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. कुळथाचं पिठलं, अंडं, दही, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात असलंच पाहिजे.

जेवणातून भागत नसेल तेवढीच भर गोळीने घालायची. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेवढं शोषलंच जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. सकाळी दोन्ही एकदम गिळणाऱ्या बायका मी रोज बघते.

आणि साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, स्वतःच्या मनाने घेऊ नका. ती ठरावीक आठवड्यांपुरती असते. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

तुमच्या आत्यांबद्दल: खाणं आणि ऊन चांगलं असूनही पाळी गेल्यावर हाड उतरतंच. आहाराने पाया भक्कम राहतो, पण ऑस्टिओपोरोसिस एकदा झाला की नुसत्या आहारावर तो आटोक्यात येत नाही. त्यांची उंची मोजा, एक्सरे काढा.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. दोघींची डेक्सा झाली. आईचा कमरेचा टी-स्कोअर उणे १.४, खुब्याचा उणे २.७. उजवं मनगट मोडलेलं म्हणून डाव्या हाताचंही मोजलं, तिथे उणे २.६. माझा कमरेचा उणे १.६, खुब्याचा उणे १.१. आईचं व्हिटॅमिन डी कमी निघालं, बाकी कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड ठीक आहे.

मला कळत नाही ते हे की ६७ वर्षांच्या आईची कंबर माझ्यापेक्षा चांगली कशी? तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुचवली आहे, पण तिला पित्ताचा जुना त्रास आहे.

जांभा

कंबर चांगली नाही, चांगली दिसते आहे. वयाबरोबर मणक्यांना कडेने हाडाचे काटे फुटतात, सांधे जाड होतात, मणक्यांच्या पुढून जाणाऱ्या महाधमनीत चुना साठतो. यंत्र ते सगळं हाडातच मोजतं आणि आकडा फुगतो. म्हणून साठीनंतर खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. निदान सगळ्यात खालच्या आकड्यावरून होतं, म्हणजे आईंना ऑस्टिओपोरोसिस आहे. त्यात मनगट मोडलेलं, शिवाय त्यांच्या आईचा खुबा मोडलेला. उपचार सुरू करायलाच हवा, यात मला शंका नाही.

आठवड्याची गोळी म्हणजे बहुतेक ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. ती सकाळी उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. ज्यांना अन्ननलिकेचा त्रास आहे, किंवा सरळ बसवत नाही, त्यांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम देतात. आईंच्या डॉक्टरांना पित्ताचं आवर्जून सांगा आणि हा पर्याय विचारा. त्याआधी व्हिटॅमिन डी भरून काढावं लागेल आणि किडनी ठीक असल्याची खात्री करावी लागते. पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉलने उतरते. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्या, कारण या औषधांवर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

तुमच्या स्वतःच्या आकड्यांना लगेच औषध लागेल असं नाही. शेफिल्ड विद्यापीठाने २००८ साली आणलेलं फ्रॅक्स नावाचं गणित आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, तंबाखू ओढणं, स्टेरॉइड अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांतली जोखीम सांगतं. त्यात भारताचा वेगळा पर्याय आहे. डॉक्टरांकडून भरून घ्या. दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा करा, आणि शक्यतो त्याच मशीनवर. मशीन बदललं की आकड्यांची तुलना करता येत नाही.

उकडीचा_भात

मी फिजिओथेरपिस्ट, कुडाळला असते. सोनचाफाताई, तुम्ही लिहिलेलं 'दिवसभर पडवीत बसून असते' हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. बसून राहिलं की मांड्या गळतात, तोल जातो आणि माणूस पुन्हा पडतं. हाडाला भार लागतो, तो मिळाला तरच ते टिकतं.

खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्याशीच एका पायावर उभं राहणं, अंगणात चालणं, इथून सुरुवात करा. भिंतीला पाठ टेकवून खांदे मागे ओढायचे. कमरेत वाकून जमिनीवरून काही उचलायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. पाठ गोल करून पायाच्या अंगठ्याला हात लावण्याचे व्यायाम यांच्यासाठी नाहीत. सूर्यनमस्कार वर्षानुवर्षं घालत असतील तरी पुढे वाकण्याची आसनं आता शिकवणाऱ्याला विचारून बदलून घ्या. चेपलेला मणका पुढे वाकतानाच आणखी चेपतो.

घराकडेही बघा. आपल्याकडे माणसं रस्त्यावर कमी आणि न्हाणीघरात, मागल्या दारी, पाखाडीवर जास्त पडतात. जांभ्यावरचं शेवाळ पावसाच्या तोंडी आणि मध्ये एकदा खरवडून ब्लीचिंग पावडर टाका. पाखाडीला एका बाजूने लोखंडी पाइप बसवून घ्या, न्हाणीत मोरीशेजारी धरायला दांडा. रात्री पडवीतून संडासापर्यंत दिवा हवा. अंगणात पडलेली पोफळीची विरी लगेच उचला, ओली झाली की फार घसरते. चष्म्याचा नंबर आणि झोपेच्या गोळ्या, हेही पडण्याचं कारण असतं.

चाकरमानी_देवगड

हे वाचून माझ्या आईचं लिहावंसं वाटलं. तिला दर सहा महिन्यांनी पोटावर कातडीखाली इंजेक्शन द्यायचे, डेनोसुमॅब. फरक चांगला पडला होता, टी-स्कोअर सुधारला होता. मी मुंबईला, ती गावी. गणपतीच्या आधी ती मुंबईला यायची तेव्हा डोस व्हायचा. एका वर्षी ती आली नाही. 'आता बरं आहे, पुढल्या खेपेला घेऊ' असं तीही म्हणाली आणि मीही मान डोलावली, कारण हे इंजेक्शन लांबवलं तर काय होतं ते आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या होळीपर्यंत तिचे तीन मणके एकापाठोपाठ चेपले. पडली नाही, काही उचललं नाही. खोकल्याच्या उबळीत एक गेला.

ज्यांच्या घरी हे इंजेक्शन चालू आहे त्यांनी पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

जांभा

चाकरमानी, आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. डेनोसुमॅब चांगलं औषध आहे, पण त्याचा असर हाडात साठून राहत नाही. डोस चुकला की दाबून ठेवलेली झीज उसळी मारते आणि मणके ओळीने मोडू शकतात. डोस सहा महिन्यांना, फार तर एखाद-दोन आठवडे पुढेमागे. बंद करायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध, बहुधा झोलेड्रोनिक ॲसिड, द्यावंच लागतं. गावाकडच्या पेशंटला मी हे औषध सुरू करण्याआधी विचारतो की सहा महिन्यांनी नक्की कोण आणणार. ते पक्कं नसेल तर वर्षातून एकदाची सलाइन बरी.

कुळागर

सगळी चर्चा बायकांची चालली आहे म्हणून विचारतो. वडील ७२ वर्षांचे, दम्यासाठी कित्येक वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. विडी सोडून थोडीच वर्षं झाली. वजन पंचेचाळीस किलो. कधी काही मोडलं नाही. पुरुषांनाही ही तपासणी लागते का?

जांभा

लागते, आणि तुमच्या वडिलांना तर नक्कीच. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिने किंवा अधिक, एवढ्याने हाडांचा धोका वाढतो. पहिल्या काही महिन्यांतच झीज सगळ्यात जास्त होते, तीही मणक्यांत. त्यात विडी, वजन आणि वय. पुरुषांचा खुबा बायकांपेक्षा कमी वेळा मोडतो, पण मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे वाचून स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. ती कमी करायची तर छातीच्या डॉक्टरांच्या हाताखाली, आणि तोंडाने ओढायच्या पंपावर भागतं का ते त्यांनाच विचारा. दुसरं, डेक्साला जाताना आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या बरोबर न्या. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस, हे पाहिल्याशिवाय जोखमीचा हिशेब मांडता येत नाही. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर औषधाच्या दुकानात विचारा. गावातला दुकानदार वर्षानुवर्षं तोच असतो, त्याच्या बिलबुकात बऱ्याचदा सापडतं.